बिनघोर धाकटा : सीमाभागातल्या एका घराचं प्रकरण

हे प्रकरण बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका शेतकरी घराचं आहे. घरच्यांना विचारूनच लिहिते आहे. गाव, आडनाव आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, रकमा थोड्या मागेपुढे केल्या आहेत. त्या घरात कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही, नात्यानंच मारतात. म्हणून इथेही आप्पा, थोरला, धाकटा, धाकटी सून असंच लिहिते. मी कुटुंब सल्ल्याचं काम करते. पहिल्याच दिवशी मी या घराच्या फाईलवर एक शब्द लिहिला होता, ‘बेफिकीर’. तो खोडायला मला सात आठवडे लागले. हे प्रकरण मांडावंसं वाटलं ते त्यामुळे.

पार्श्वभूमी

वेंगुर्ला रस्त्यानं बेळगाव सोडलं की हिंडलगा, सुळगा, उचगाव अशी गावं लागतात. बाची ओलांडली की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. या पट्ट्यात पावसाळ्यात खालच्या शिवारात भात आणि माळावर रताळी. इथली रताळी नवरात्र आणि महाशिवरात्रीच्या उपवासांसाठी बेळगावच्या मार्केटमधून पार उत्तरेकडे जातात. या घराची जमीन साडेतीन एकर. आप्पांनी बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका फाउंड्रीत मोल्डर म्हणून, म्हणजे ओतकामाचे साचे करत आयुष्य काढलं आणि शिफ्ट सांभाळून शेतीही केली. आज ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. आई आठ वर्षांपूर्वी गेली.

थोरला मुलगा पिंपरी-चिंचवडला कारखान्यात सुपरवायझर आहे. मधली बहीण चंदगड तालुक्यात दिलेली, गावापासून तासाभराच्या अंतरावर, पण दुसऱ्या राज्यात. धाकटा गावातच. त्यानं नववीत शाळा सोडली. त्याच्याकडे छोटा टेम्पो आहे, पहाटे गावची भाजी मार्केटला पोचवतो, दिवसा शेत बघतो, रात्री भजनी मंडळात पखवाज वाजवतो. त्याची बायको शेतात राबते आणि डेअरीला दूध घालते. मुलगी गावच्या मराठी शाळेत आठवीला.

गावात धाकट्याबद्दल विचारलं तर सगळे हसत एकच सांगतात, “बिनघोर माणूस!” कुणाची गाडी चिखलात रुतली, कुणाच्या घरी मयत झाली, कुणाला रात्री दवाखान्यात न्यायचं आहे, तर हा पुढे. पण कशाबद्दलही काळजीनं बोललात की त्याचं उत्तर ठरलेलं. “होतंय की! कशाला घोर लावून घेता?”

थोरला नेमका उलटा. त्याच्या मोबाईलमध्ये घरच्या प्रत्येक खर्चाची नोंद आहे. महिन्याच्या पाच तारखेला पैसे पाठवतो आणि सहा तारखेला पोचले का म्हणून फोन करतो. त्यानंच मला सांगितलं, की आई गेल्यापासून एकही रात्र त्याला सलग झोप लागलेली नाही.

अडचण

आप्पांना पंधरा वर्षांपासून साखर आहे. जानेवारीत त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला चपलेच्या खिळ्यानं जखम झाली. मधुमेहात पायाची संवेदना कमी होऊ शकते, त्यामुळे खिळा टोचत होता तरी त्यांना चार दिवस कळलं नाही. जखम चिघळली आणि फेब्रुवारीत अंगठा काढावा लागला.

त्याच काळात गावच्या सहकारी सोसायटीच्या पीककर्जाची मुदत होती. कर्ज आप्पांच्या नावावर, १,८०,००० रुपये. कर्नाटकात सोसायटीचं अल्पमुदतीचं पीककर्ज वेळेत फेडलं तर त्यावर व्याज लागत नाही. ही मर्यादा ३ लाखांची होती, ती ५ लाख करण्याची घोषणा २०२३ च्या अर्थसंकल्पात झाली. पण मुदत चुकली की सवलत गेली. म्हणून गावोगाव मार्चअखेरीला ‘नवं-जुनं’ चालतं. कुठून तरी आठवड्याभरासाठी हातउसने घ्यायचे, जुनं भरायचं, नवं उचलायचं, हातउसने परत करायचे. या घराचं नवं-जुनं दरवर्षी व्हायचं. त्या वर्षी झालं नाही.

थोरल्यानं त्यासाठीच ५०,००० पाठवले होते. त्यातले ३० हजार आप्पांच्या ऑपरेशनला गेले. उरलेले २० हजार धाकट्यानं शेजाऱ्याला दिले, त्याच्या बायकोचं बाळंतपण अडलं होतं. शेजाऱ्यानं ते मे महिन्यात परत केले, एक रुपयाही बुडाला नाही. पण मुदत होती मार्चची.

एप्रिलमध्ये सोसायटीची नोटीस आली, जूनमध्ये दुसरी. दोन्ही धाकट्यानं घेतल्या, सही केली आणि कुणाला काही बोलला नाही. जुलैत, रोपलावणीच्या ऐन दिवसांत, डेअरीवर सोसायटीच्या शिपायानं धाकट्या सुनेला विचारलं, “वहिनी, तुमचं काय ठरलं?” तिला तेव्हा कळलं. तिनं आपली बोरमाळ गहाण ठेवून व्याजाचे १७ हजार भरले आणि तीही कुणाला काही बोलली नाही. त्याच वर्षी आप्पांच्या पीएम किसानचे हप्तेही थांबले होते, वर्षाला २,००० चे तीन. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, झालं नव्हतं.

गणपतीला थोरला घरी आला. पाहुणचाराच्या गप्पांत गावातल्याच कुणीतरी त्याच्या कानावर घातलं. त्या रात्री घरात जे झालं ते आरतीच्या आवाजातही शेजारी ऐकू गेलं. थोरला म्हणाला, “तू बिनघोर राहतोस कारण तुझा घोर मी वाहतोय.” धाकटा हसला. ते हसणं थोरल्याला इतकं झोंबलं, की विसर्जनाची वाट न बघता तो पुण्याला परत गेला आणि तिथून बहिणीला फोन करून म्हणाला, “वाटणी करून टाकूया.”

बहीण माझ्या एका जुन्या केसमधल्या बाईंना ओळखत होती. तिच्यामुळे हे घर माझ्याकडे आलं.

पहिली बैठक आणि माझी चूक

पहिल्यांदा थोरल्याशी आणि बहिणीशी बोलले. थोरला कागद घेऊन आला होता, तारखा, रकमा, फोनच्या नोंदी. त्याचं म्हणणं नीट होतं, खरंही होतं. मी ऐकत गेले आणि फाईलवर लिहिलं, ‘धाकटा भाऊ : बेफिकीर, जबाबदारी टाळतो.’

दुसऱ्या बैठकीला धाकटा आला. केळीच्या पानात बांधलेली रताळी घेऊन आला होता. मी नोटिशीबद्दल विचारलं तर हसला, “होतंय की मॅडम, भरू की.” मी पुन्हा विचारलं, तर आप्पांच्या पायाबद्दल बोलू लागला. मला वाटलं, हा विषय टाळतो आहे. तेवढं खरंच होतं. तो नेमकं काय टाळत होता, हे मी विचारलं नाही. हसू हेच उत्तर धरून पुढे गेले.

इथे थोडं शब्दांबद्दल. आपल्याकडे एकाच माणसाला निवांत, बिनधास्त, बिनघोर, बेफिकीर, निष्काळजी, बेपर्वा यातलं काहीही म्हणतात आणि बोलणाऱ्याच्या मूडप्रमाणे शब्द बदलतो. उसने पैसे दिले तेव्हा शेजाऱ्याला तो मोठ्या मनाचा, बिनघोर वाटला. तेच पैसे थोरल्याच्या हिशेबात बेपर्वाई ठरले. सल्ल्याचं काम करणाऱ्यानं यातला एक शब्द उचलून फाईलवर लिहिला, की पुढच्या सगळ्या बैठका त्या शब्दाची साक्ष गोळा करण्यात जातात. माझ्या तशाच गेल्या.

निर्णयाची पहिली जागा : सकाळची भेट

तीन बैठकांत काही हललं नाही, तेव्हा मी घरी जायचं ठरवलं. सहसा आम्ही संध्याकाळी जातो, घरातले सगळे भेटतात म्हणून. मी सकाळची वेळ घेतली, कारण धाकटा मार्केटहून परत येतो ती वेळ मला बघायची होती.

साडेसात वाजले होते. तो आला, टेम्पो लावला, चहा घेतला नाही. न्हाणीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. आप्पा पडवीत खुर्चीवर होते. त्यानं समोर पाट घेतला, आप्पांची टाच आपल्या मांडीवर ठेवली, जुनी पट्टी सलाईननं भिजवली आणि ती आपोआप सुटेपर्यंत थांबला, ओढली नाही. जखम पुसून झाल्यावर मोबाईलचा टॉर्च लावून उरलेल्या चारही बोटांच्या बेचक्या एकेक करून बघितल्या, मग दुसऱ्या पायाच्या. तळव्यावरून हाताची उलटी बाजू फिरवली, कुठे गरम लागतंय का म्हणून. नवी पट्टी बांधली. मग आप्पांच्या दोन्ही चपला उचलून आत बोटं घालून चाचपल्या आणि उलट्या करून झटकल्या. या सगळ्याला पंचवीस मिनिटं लागली आणि तेवढा वेळ तो आप्पांशी कुणाच्या तरी म्हशीबद्दल बोलत होता. आप्पा हसत होते.

“रोज?” मी विचारलं.

“रोज की. फेब्रुवारीपासून.”

सात महिने झाले होते. एक दिवसही चुकला नाही, हे नंतर आप्पांनी सांगितलं आणि सुनेनंही. पट्टी बदलताना आप्पांना भीती वाटू नये म्हणून तो मुद्दाम इकडचं तिकडचं बोलतो, हे मला सुनेकडून कळलं. जे काम करताना कपाळावर आठी आली असती तर आप्पा भीतीनंच अर्धे झाले असते, ते काम तो मोकळ्या चेहऱ्यानं करत होता. त्याचा बिनघोर स्वभाव इथे त्या घराचं औषध होता. हे मी अतिशयोक्तीनं म्हणत नाही. पायाची जखम पुढे भरून आली आणि दुसरं बोट वाचलं.

मग याच माणसानं सोसायटीचे दोन कागद का दडवले? जबाबदारी टाळणारा माणूस सोयीप्रमाणे टाळतो, आणि पायाचं काम कागदापेक्षा कितीतरी अवघड होतं. माझ्या फाईलवरचा शब्द तिथे पहिल्यांदा डळमळला.

निर्णयाची दुसरी जागा : नोटीस

मी त्याला म्हणाले, “ती नोटीस आहे का अजून? बघू.”

तो आत गेला आणि पखवाजाच्या खोळीतून दोन पाकिटं घेऊन आला. दुसरं उघडलेलंच नव्हतं. मी पहिलं त्याच्यापुढे धरलं, “यात काय तारीख दिली आहे?” तो पुन्हा हसला. या वेळी मी थांबले, विषय बदलू दिला नाही. बराच वेळ गेला. मग तो हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, बोलाय येतंय सगळं. वाचाय येत नाही.”

नोटीस कन्नडमध्ये होती.

सीमाभागाबाहेरच्या वाचकाला हे चटकन कळणार नाही, म्हणून थोडं सांगते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. घरची आणि शाळेची भाषा मराठी राहिली, कचेरीची भाषा कन्नड झाली. आप्पांच्या वडिलांच्या काळातले जमिनीचे कागद या घरात मराठीत आहेत, आजची पहाणी, म्हणजे इकडचा सातबारा, कन्नडमध्ये निघते. चंदगडला दिलेल्या बहिणीचा सातबारा मराठीत, आप्पांची पहाणी कन्नडमध्ये, आणि दोन शिवारांमध्ये अंतर तासाभराचं. धाकट्याच्या पिढीतले कितीतरी लोक मार्केटमध्ये कन्नडमध्ये घासाघीस करतात, भांडतात, थट्टा करतात. पण छापील कागद हातात आला की अक्षर जुळवत बसतात. कचेरीची भाषा कोणती असावी हा इथला जुना, दुखरा प्रश्न आहे आणि तो या लेखाचा विषय नाही. पण त्या प्रश्नाचा एक तुकडा या घरात पखवाजाच्या खोळीत पडून होता.

थोरल्याला हे माहीत नव्हतं. तो स्वतः बेळगावला कॉलेजात शिकला, कन्नड वाचतो. धाकट्याला वाचता येत नसेल असं त्याच्या मनातही आलं नाही, कारण तो तर दिवसभर कन्नड बोलतो. आणि धाकट्यानं कधी सांगितलं नाही. नववीत शाळा सुटल्याची सल त्याला अजून आहे. “दादाला कुठल्या तोंडानं सांगू?” असं तो म्हणाला.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे, नाहीतर धाकट्याची बाजू घेतल्यासारखं होईल. वाचता न येणं हा त्याचा दोष नव्हता. पण घरात त्याची मुलगी होती. कन्नड शिकण्याबाबतच्या २०१५ च्या कायद्यानंतर कर्नाटकातल्या सगळ्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून टप्प्याटप्प्यानं सक्तीची झाली. ही पोर पहिलीपासून कन्नड शिकलेली, घडाघडा वाचते. पाच मिनिटांचं काम होतं. त्यानं नोटीस तिच्यापासूनही लपवली. आणि उसने दिलेले २० हजार तर कन्नडमध्ये नव्हते, ते फोनवर मराठीत सांगता आले असते. तेवढ्यापुरतं थोरल्याचं म्हणणं बरोबर होतं. धाकट्यानं टाळलं, आणि हसून टाळलं.

मी तेव्हापासून स्वतःसाठी एक कसोटी धरली आहे. माणूस निवांत राहिला म्हणून तो टाळतो असं होत नाही. त्यानं जो घोर लावून घेतला नाही, तो दुसऱ्या कुणाच्या वाट्याला गेला का, आणि गेला असेल तर त्या माणसाला विचारून गेला का, हे बघायचं. आप्पांच्या पायाचा घोर धाकट्यानं कुणाच्याच वाट्याला जाऊ दिला नाही, काम करून संपवला. कर्जाचा घोर मात्र न विचारता बायकोच्या गळ्यात गेला, आणि तिच्या गळ्यातली बोरमाळ सराफाकडे.

पर्याय

पहिला पर्याय थोरल्याचा, वाटणी. यात त्याला वाटत होतं त्यापेक्षा जास्त गुंता होता. जमीन वडिलोपार्जित, आप्पा हयात. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क दिला आणि त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे बहिणीचा वाटा टाळून वाटणी होणार नव्हती. भाऊ दोघंच आपसात बोलत होते. बहीण समोर बसून ऐकत होती आणि तिला कुणी विचारत नव्हतं. शिवाय साडेतीन एकराचे तुकडे झाले असते, आणि आप्पांचा पाय कुणाच्या वाट्याला जाणार होता?

दुसरा पर्याय, सगळा पैशाचा कारभार पुण्यातून थोरल्यानं बघायचा. हे वरून सोपं दिसत होतं. धाकटी सून म्हणाली, “मग हे घरातले गडी झाले की.” तिचं बरोबर होतं. शिवाय सोसायटी, नाडकचेरी (तालुक्याखालची महसूल कचेरी), कृषी खातं इथे माणूस समोर लागतो.

तिसरा पर्याय थोरल्याला त्याच्या मित्रानं सुचवला होता. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याखाली आप्पांच्या नावानं प्रांताकडे अर्ज करायचा. तो कायदा पोटगी न देणाऱ्या, आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्या मुलांसाठी आहे. इथे आप्पांची आबाळ होतच नव्हती. मी तो पर्याय त्याच दिवशी बाजूला ठेवला आणि थोरल्याला कारणही सांगितलं. आप्पांना कळल्यावर ते एवढंच म्हणाले, “माझा पाय बघ आणि मग अर्ज लिही.”

चौथा, धाकट्याला समजावून सांगणं. घरानं आणि गावानं ते दहा वर्षं केलं होतं.

उरला तो कामं स्वभावाप्रमाणे लावून घेण्याचा. डोळ्यांसमोरचं काम धाकट्याचं, तारखेचं काम थोरल्याचं. मला हा पर्याय आवडला होता, पण त्यात एक भोक होतं. तारखेचा कागद येतो धाकट्याच्या हातात. तो त्यानं पुढे दिलाच नाही तर?

काय केलं

धाकट्यानं थोरल्याला वाचण्याबद्दल सांगावं की नाही, हा माझ्यासाठी सगळ्यात अवघड प्रश्न होता. मी सांगणं चूक होतं, ती त्याची गोष्ट होती. पण ते न सांगता थोरल्याचा राग उतरणार नव्हता. मी त्याला दोन आठवडे दिले, आग्रह केला नाही. दसऱ्याला त्यानं स्वतः सांगितलं. मी तिथे नव्हते. बहिणीनं नंतर सांगितलं, की थोरला बराच वेळ काही बोललाच नाही, आणि मग म्हणाला, “मला कसं रे कळलं नाही?” त्या रात्री दोघं भाऊ मळ्यात झोपायला गेले.

त्यानंतरच्या बैठकीत ठरलं ते असं. घरात येणारा प्रत्येक सरकारी किंवा सोसायटीचा कागद देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवायचा, खोळीत नाही. रात्री जेवणाआधी मुलगी तो मोठ्यानं वाचणार, सगळ्यांसमोर, आणि मराठीत सांगणार. फोटो त्याच रात्री थोरल्याला. तारखा थोरला सांभाळणार, आणि सोसायटीत जाणार धाकटाच. घरात नवं कर्ज किंवा हातउसने, घेतलेले असोत की दिलेले, पाच हजारांच्या वर असेल तर दोघा भावांना आणि धाकट्या सुनेला माहीत हवं. दान करायला कुणाची हरकत नव्हती. थोरलाच म्हणाला, “त्याचा हात आखडू नका, फक्त सांगू दे.” पीएम किसानचं ई-केवायसी धाकट्यानं आप्पांना टेम्पोत बसवून नेऊन करून आणलं.

एक गोष्ट फसली. मी थोरल्याला सुचवलं होतं, की दर रविवारी धाकट्याला फोन करून आठवड्याच्या कामांची यादी विचारावी. दोन महिन्यांत तो फोन उलटतपासणी झाला. धाकटा रविवारी फोन घरात ठेवून शेताकडे जाऊ लागला. बहिणीनं ते मला सांगितलं आणि आम्ही तो फोन बंद केला. त्याऐवजी थोरला रविवारी आप्पांना फोन करतो. पट्टी बदलायच्या वेळी करतो, म्हणजे धाकटाही तिथेच असतो.

थोरल्याबद्दल आणखी एक सांगायला हवं. एका बैठकीत मी त्याला विचारलं, तू शेवटचा आप्पांचा पाय कधी बघितलास? त्यानं बघितलेला नव्हता. पाहवत नाही म्हणाला. पैसे पाठवले, तारखा लक्षात ठेवल्या, रात्ररात्र जागला, आणि पाय मात्र बघितला नाही. मी त्याला टोचून बोलले नाही, कारण त्याचं प्रेम खरं आहे. पण काळजीनं पोखरला जाणारा माणूसही काही गोष्टी टाळतो आणि त्याला कुणी बेफिकीर म्हणत नाही, हे त्या घरातल्या सगळ्यांनी त्या दिवशी ऐकलं. दिवाळीत त्यानं पहिल्यांदा पट्टी बांधली. धाकट्यानं टॉर्च धरला.

निष्पत्ती

पुढच्या मार्चमध्ये नवं-जुनं मुदतीच्या नऊ दिवस आधी झालं. रताळ्याचे पैसे, थोरल्याचे पैसे आणि आठवड्याभरासाठी बहिणीच्या घरचे ४० हजार, असा मेळ बसला. पीएम किसानचे हप्ते सुरू झाले. वाटणीचा विषय थांबला आहे, संपलेला नाही. बहिणीनं आपला वाटा सोडलेला नाही आणि तो सोडावा असं मी तिला सांगितलेलंही नाही. आप्पा हयात असेपर्यंत जमीन एकत्र ठेवायची, असं तिघांनी तोंडी ठरवलं आहे. तोंडी ठरलेल्या गोष्टींचं पुढे काय होतं हे मी पुष्कळ घरांत बघितलं आहे, म्हणून ते लिहून काढा असं मी अजून म्हणते आहे.

मी वेगळं काय केलं असतं

पहिली भेट घरी, सकाळी ठेवली असती. तक्रार करणाऱ्याचं आधी ऐकावंच लागतं, पण त्याचा शब्द फाईलवर आपल्या हातानं लिहू नये, त्याच्या तोंडचा म्हणूनच लिहावा. सीमाभागातल्या कुठल्याही घरात कागद अडकला असेल तर ‘कागद कुणाला वाचता येतो?’ हा प्रश्न मी आता पहिल्याच बैठकीत विचारते, आणि कुणाला एकट्याला लाजवावं लागू नये म्हणून सगळ्यांना विचारते. या प्रश्नानं नंतरच्या तीन घरांत काम सोपं केलं.

आणि धाकट्या सुनेशी मी फार उशिरा बोलले. बोरमाळेचं मला चौथ्या बैठकीनंतर कळलं, तेही ती मला बसथांब्यापर्यंत सोडायला आली तेव्हा. दोन भावांच्या स्वभावांची तुलना चालली होती आणि जिच्या अंगावर दोघांचाही भार आला ती चहा करत होती. तिनं कर्जाचं नवऱ्याला न सांगता भरलं, तेही एका अर्थी लपवणंच होतं. पण तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “भांडण नको होतं मॅडम, लावण चालू होती.” त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बोरमाळ अजून सुटलेली नाही. धाकट्यानं भजनी मंडळाच्या लोकांसमोर शब्द दिला होता की भात विकून सोडवीन, पण त्या वर्षी भात घरी खायलाच पुरला. गेल्या महिन्यात तिचा फोन आला होता. देव्हाऱ्याखालची फळी चालू आहे म्हणाली. आतापर्यंत अकरा कागद आले, दहा त्याच दिवशी वाचले गेले. एक मात्र तिला चार दिवसांनी टेम्पोच्या सीटखाली सापडला, वीज बिलाच्या थकबाकीचा. पूर्वीसारखं तिनं स्वतः जाऊन भरलं नाही. तो कागद उचलून फळीवर ठेवला आणि रात्री मुलीला हाक मारली.